देवपुरात वेगळं, इथलं असं खायला कुठे मिळतं, हे कसं शोधायचं?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. बँकेतल्या बदलीमुळे तुम्ही तीन महिन्यांपूर्वी धुळ्यात आलात, देवपुरात वाडीभोकर रोडच्या बाजूला खोली घेतली, एकट्याच राहता. मोबाईलवरच्या नकाशात ‘कॅफे’ टाकून पाहिलं तर आठ-दहा जागा आल्या, सगळ्यांना चाराच्या वर तारे, आणि जिथे जाल तिथे तेच कार्ड: पेरी पेरी फ्राईज, चीज मॅगी, कोल्ड कॉफी. ‘धुळ्याची म्हणावी अशी एकही जागा सापडली नाही, पाच-सहा नावं सांगा’ असं तुम्ही विचारलंय.

मी गेली १९ वर्षं धुळ्यातल्या हॉटेलांना, खानावळींना आणि नाश्त्याच्या गाड्यांना काळा मसाला पुरवते. आधी सासूबाईंच्या हाताखाली, आता स्वतःचं कांडप आहे. सकाळी स्कूटरला पिशव्या अडकवून निघायचं आणि मागच्या दाराने प्रत्येकाच्या भटारखान्यात जायचं, हा रोजचा क्रम. त्यामुळे कोण काय विकतं यापेक्षा कोण काय विकत घेतं, हे मला जास्त माहीत असतं. तुम्हाला उत्तर द्यायचं तेही त्याच बाजूने देते.

नावं मी देत नाही. पूर्वी द्यायचे. नाशिकहून आलेल्या पाहुण्यांना मी एकदा फार विश्वासाने शेवभाजीसाठी एका ठिकाणी पाठवलं. परत आले तेव्हा कुणी काही बोललं नाही, पण ताटात किती उरलं होतं ते त्यांच्या मुलीने सांगून टाकलं. चौकशी केली तर दीड महिन्यापूर्वी तिथला आचारी गावी निघून गेला होता. पाटी तीच, भिंतीचा रंग तोच, नकाशावरचे तारेही तेच. आपल्याकडची छोटी जागा दोन हातांवर चालते. ते हात गेले की जागा गेली, आणि ही बातमी कुठल्याही यादीत लागत नाही. म्हणून हात कसे शोधायचे, ते सांगते.

त्याआधी एक कबूल करायला हवं. तुम्ही तिखट किती सोसता, मांसाहार करता की नाही, सुट्टी कधी असते, रात्री उशिरा बाहेर पडणं तुम्हाला बरं वाटतं की नाही, यावर बरंच अवलंबून आहे. मी ज्या जागांना पहिला नंबर देईन त्यातल्या दोन-तीन ठिकाणी संध्याकाळनंतर एकटी बाई बसलेली दिसत नाही. कुणी त्रास देत नाही, पण आपल्यालाच घास गोड लागत नाही. अशा ठिकाणचं मी पार्सल घेते किंवा दुपारी जाते. तुम्हीही तसंच करा, त्यात काही कमी होत नाही.

आता मूळ मुद्दा. कॅफेंचं कार्ड सगळीकडे सारखं का, ते आधी समजून घ्या. गोठवलेल्या फ्राईज, नगेट्स, मोमो, पिझ्झ्याचे तयार तळवे, सिरपच्या बाटल्या, मेयोनीज, हे सगळं दोन-चार घाऊक विक्रेत्यांकडून येतं. माल एक, मग चव एक. यात कुणाची लबाडी नाही. वीस-बावीस वर्षांचा पोरगा भांडवल जमवून कॅफे काढतो, आचाऱ्याचा पगार परवडत नाही, तेव्हा तळायचं आणि वर सॉस घालायचा, एवढंच त्याच्या हातात राहतं. मोठ्या ‘फॅमिली रेस्टॉरंट’चीही तीच गत. ज्या कार्डावर पंजाबी, चायनीज, साऊथ इंडियन आणि खान्देशी असं सगळंच असतं, तिथे बहुधा लाल, पिवळी आणि पांढरी अशा तीन ग्रेव्ह्या सकाळीच करून ठेवलेल्या असतात आणि दिवसभर त्यातच पनीर नाहीतर शेव फिरत राहते.

यातून माझी एक कसोटी निघाली. कुठल्याही जागी गेलात की मालकाला एवढंच विचारा: ‘इथलं काय लवकर संपतं, आणि किती वाजता?’

‘तुमची स्पेशालिटी काय’ असं विचारलं तर तो कार्डावरचा सगळ्यात महाग पदार्थ सांगेल. ‘ताजं आहे का’ विचारलं तर हो म्हणणारच. पण संपतं काय, या प्रश्नाला खोटं उत्तर पटकन सुचत नाही. फ्रीजरमधलं कधी संपत नाही, पिशवी फोडली की पुन्हा तयार. संपतं ते हाताने केलेलं, सकाळी अंदाजाने भिजवलेलं, एका पातेल्यात मावेल तेवढंच शिजवलेलं. ‘आमच्याकडे सगळं दिवसभर मिळतं’ असं अभिमानाने सांगणाऱ्या ठिकाणी मी चहा घेऊन उठते. उलट पारोळा रोडला बाजार समितीच्या बाजूला एक म्हातारे बाबा आहेत. मी मसाला टाकायला उशिरा गेले आणि भाजी मागितली की ठरलेलं उत्तर मिळतं: ‘आते नही शे ताई, सकाय या.’ आता नाही, उद्या या. अहिराणीतला हा नकार मला कुठल्याही तारांकनापेक्षा जास्त सांगून जातो.

दुसरी गोष्ट वेळेची. आपल्याकडची खाण्याची जागा ही ठिकाण आणि वेळ मिळून होते. एकाच टपरीवर सकाळी सातला उत्तम पोहे असतात आणि दुपारी बाराला तिथेच फक्त तंबाखूच्या पुड्यांच्या माळा लटकलेल्या. तुम्ही बँकेतून सुटून साडेसहा-सातला शोधायला निघत असाल, तर त्या वेळी उघडं असलेलं म्हणजे कॅफे आणि चायनीजच्या गाड्या, एवढंच तुम्हाला दिसणार.

धुळ्याची मांडणी थोडी समजली तर वेळांचं गणितही समजेल. पांझरा नदीच्या दक्षिणेला जुनं शहर. १८१९ च्या सुमारास कॅप्टन जॉन ब्रिग्ज या ब्रिटिश अधिकाऱ्याने इथे खान्देशाचं मुख्य ठाणं केलं आणि सरळ रेषेत पेठा आखून घेतल्या. म्हणून आजही तिकडे पत्ता सांगताना गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच असंच सांगतात. आग्रा रोड, पाचकंदील हा भाग व्यापाऱ्यांचा. तिथलं खाणं दुकानांच्या शटरबरोबर उघडतं आणि मिटतं. दुकान उघडण्याआधीचा नाश्ता, चारच्या चहाबरोबरची भजी-कचोरी, दुकान वाढवल्यावरचं कढईतलं दूध. नदीच्या उत्तरेला तुमचं देवपूर, म्हणजे कॉलेजं, क्लासेस, भाड्याच्या खोल्या. शिरपूर, साक्री, शहादा, नंदुरबारकडची पोरं इथे शिकायला राहतात. त्यामुळे देवपूरची खरी चव कॅफेत नसून मेसमध्ये आहे, आणि मेसला बहुतेक वेळा पाटीच नसते.

मेस कशी शोधायची? दुपारी बारा ते दीडच्या दरम्यान कॉलेजच्या मागच्या गल्ल्यांमधून चालत जा. एखाद्या साध्या घराच्या ओट्यापुढे पंधरा-वीस चपला आणि चार-पाच सायकली-मोटारसायकली दिसल्या की समजायचं. दारात विचारायचं, ‘ताई, एक ताट मिळेल का?’ महिन्याचे गिऱ्हाईक सांभाळणाऱ्या बायका एका पाहुणीला नाही म्हणत नाहीत, फक्त तासभर आधी सांगितलेलं त्यांना आवडतं. तिथे तुम्हाला पोळीऐवजी कळण्याची भाकरी मागता येईल. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ. भाकरी किंचित काळपट, खरपूस, आणि तिच्याबरोबर हिरव्या मिरचीचा ठेचा किंवा घोटलेली वांग्याची भाजी. बऱ्याच मेसमध्ये रविवारी दुपारी गोडाधोडाचं जेवण असतं आणि संध्याकाळी चूल बंद. म्हणून रविवारी संध्याकाळी मेसची सगळी पोरं रस्त्यावर असतात. त्या दिवशी सातच्या सुमारास दत्तमंदिर चौकाच्या बाजूने एक फेरी मारा. पैसे मोजून खर्च करणारी, पोटभर हवं असलेली पोरं कुठे उभी राहतात ते पाहा. आठवडाभर कॅफेत मैत्रिणीसमोर बसणारी पोरं रविवारी जिथे स्वतःच्या भुकेसाठी जातात, ती जागा लिहून ठेवा.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या धंद्यामुळे मला सगळ्यात भरवशाची वाटते ती. चांगली जागा कुठली हे हॉटेलवाल्याला विचारू नका, गिऱ्हाइकालाही नको. त्याला माल देणाऱ्याला विचारा. पिठाची गिरणी, दूधवाला, शेवेचा कारखाना, मिरची-मसाल्याचं कांडप. तुमच्या गल्लीतल्या गिरणीत दळण घेऊन जाल तेव्हा सहज विचारा, ‘कळण्याचं दळण हॉटेलसाठी कोण आणतं? बट्टीचं जाडसर पीठ कोण नेतं?’ गिरणीवाल्याला सगळं ठाऊक असतं. बट्टी म्हणजे वरणाबरोबर खायचे कणकेचे गोळे, त्यांना गहू भरडच दळावा लागतो. ज्याला रेडीमेड आट्यावर भागवायचं असतं तो गिरणीत येतच नाही. म्हणजे जो येतो, तो मनापासून करतोय. माझ्याकडचंच पाहा. काही हॉटेलं महिन्याला एकदा मोठी ऑर्डर देतात, पिशवी डब्याशेजारी उघडीच पडलेली असते. आणि काही ठिकाणी दर चार दिवसांनी दोन किलो, वर निरोप, ‘मागच्या वेळी खोबरं कमी भाजलं होतं का?’ हा दुसरा माणूस कुठे बसतो ते मी डोळे मिटून सांगेन आणि तिथे जेवायला स्वतः जाईन.

शेवभाजीचं थोडं विस्ताराने सांगते, कारण नवीन माणूस इथे तीच आधी मागतो आणि फसतोही तिथेच. आपल्या काळ्या मसाल्याचा जीव भाजण्यात आहे. सुक्या खोबऱ्याची वाटी विस्तवावर धरून वरून काळी होईपर्यंत भाजायची, कांदा सालीसकट निखाऱ्यात टाकायचा, धणे आणि दगडफूल वेगवेगळे परतायचे, कारण धण्यांना लागते तेवढी आच दगडफुलाला दिली की ते कडू होतं. हे वाटण तेलात परतताना तेल सुटेपर्यंत थांबावं लागतं. घाई करणाऱ्याचा रस्सा दिसायला लाल, पण खाली पाणी आणि वर मसाला असा फुटलेला राहतो. नीट परतलेल्या रश्शाचा रंग लाल नसतो, गडद तपकिरी, जवळजवळ काळाच असतो, वर पातळ तवंग असतो आणि वाटी जवळ आणली की तिखटाच्या आधी भाजलेल्या खोबऱ्याचा वास येतो. काजूची पेस्ट आणि क्रीम घातलेली शेवभाजी गोडसर लागते. ती वाईट असेलच असं नाही, पण ती खान्देशातली नव्हे.

शेवेकडेही लक्ष द्या. भाजीची शेव जाड आणि कडक असते, तिच्यात सोडा नसतो किंवा अगदी नावाला असतो. सोड्याची फुसफुशीत शेव रश्शात पडली की दोन मिनिटांत लापशी होते. म्हणून जाणता माणूस रस्सा उकळता आणतो आणि शेव अगदी वाढताना घालतो. काही ठिकाणी तर रस्सा वाटीत आणि शेव ताटलीत वेगळी देतात, आपण घालून घ्यायची. पहिल्या घासाला शेव बाहेरून मऊ आणि आत किंचित कुरकुरीत लागली तर मालकाला जाऊन सांगा की छान झालीय. असं कुणी सांगत नाही हो, आणि पुढच्या वेळी तो तुमच्यासाठी पातेल्याच्या तळातला दाट रस्सा राखून ठेवेल.

आता ज्या गोष्टींना दुकानच नाही त्यांच्याबद्दल. खापरावरचे मांडे तुम्ही खाल्ले आहेत का? हे हॉटेलात नीट होत नाहीत, घरी होतात. ओळखीच्या एका काकूंकडे मी दर वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी जाऊन बसते. अंगणात चुलीवर मातीचं खापर उपडं घातलेलं असतं. काकू सैलसर मळलेल्या कणकेत पुरण भरतात, पोळी आधी हातभर थापतात आणि मग दोन्ही हातांच्या मनगटांवर, कोपरापर्यंत ती अशी फिरवत जातात की प्रत्येक झोक्याला ती वाढत जाते, पातळ होत जाते, आतलं पुरण पलीकडून पिवळं दिसायला लागतं, आणि फाटेल असं आपल्याला वाटत असतानाच ती खापरावर पडलेली असते. लाटणं नाही, पोळपाट नाही. त्या बोलत असतात आपल्याशी, आणि हात आपलं काम करत असतात. उन्हाळ्यात आमरसाबरोबर आणि एरवी दूध-तुपाबरोबर हे मांडे खायचे. अशा बायका देवपुरातही आहेत. नकाशावर नाहीत. किराणा दुकानाच्या काचेवर, झेरॉक्सच्या दुकानात, कॉलनीच्या देवळातल्या फळ्यावर हाताने लिहिलेला कागद असतो: ‘मांडे, बिबड्या, पापड ऑर्डरप्रमाणे मिळतील.’ बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड. तो नंबर जपून ठेवा. वरण-बट्टीही अशीच घरगुती ऑर्डरवर मिळते.

तुम्ही विचारलंय तो काळही चांगला आहे. दिवाळी होऊन गेलीय, थंडी पडायला लागलीय, म्हणजे भरताचे दिवस सुरू झाले. भरिताची मोठी, हिरवी-पांढरट वांगी तापीकाठच्या जळगाव भागातली. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी तिथल्या केळीलाही. कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या काड्या, वाळत पडतात. त्यांच्या झटपट पेटणाऱ्या जाळात वांगं भाजलं की साल करपते, आतला गर धुरकट आणि लोण्यासारखा होतो. गॅसवर भाजलेल्यात तो धूर येत नाही. मग लाकडाच्या खोलगट भांड्यात मुसळीने कुटायचं, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे काप घालायचे, वर तेल. पुरीबरोबर किंवा कळण्याच्या भाकरीबरोबर. साधारण फेब्रुवारीपर्यंत हे चालतं. या दिवसांत रस्त्याकडेला ‘भरीत-पुरी’चा कापडी फलक लागला की पाटी वाचून थांबू नका, मागे जाऊन पऱ्हाट्यांचा ढीग दिसतो का ते पाहा. ढीग असेल तर बसा. आणि शेतावरच्या भरीत पार्टीला कुणी बोलावलं तर संकोच न करता जा. बँकेत शेतकरी खातेदार येतातच, त्यांच्यापैकी कुणीतरी नक्की बोलावेल.

मे महिन्यात मात्र हेच सगळं उलटं होतं. पारा चाळिशीच्या वर जातो, दुपारी रस्ते ओस पडतात. ओल्या वाटणात खोबरं असतं, ते उन्हात लवकर आंबतं. म्हणून एप्रिलपासून जूनपर्यंत मी दुपारनंतर रस्त्यावरची रश्श्याची भाजी खात नाही, कितीही ओळखीचा माणूस असला तरी. तेव्हा रसवंती, मठ्ठा आणि रात्री आठनंतरची फेरी. पाण्याची बाटली बाराही महिने स्वतःची.

देवपुरातच अडकून राहू नका, हेही सांगायचंय. नदी ओलांडली की शहर बदलतं. साक्री रोडला कुमारनगर भागात सिंधी वस्ती आहे. फाळणीनंतर आलेल्या या मंडळींनी आपल्याबरोबर दाल-पकवान आणलं. ओवा घातलेली कडक, तळलेली पुरी आणि वर हरभऱ्याची डाळ, चटणी, कच्चा कांदा. हा रविवार सकाळचा पदार्थ आहे, उशिरा उठलात तर गेला. सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा हे दोन्ही महामार्ग धुळ्यातून जातात, म्हणून गुजरातचं खमण-फाफडाही इथे परकं वाटत नाही आणि इंदूरकडची पोहे-जिलबीची सवयही. बाजार समितीजवळच्या हॉटेलांची वेळ लिलावावर ठरते. पहाटेपासून हमाली केलेल्या माणसाला दहा वाजता पोळी-भाजी नाही, पूर्ण जेवण लागतं. तिथे साडेदहाला गेलात तर डाळ नुकतीच फोडणी दिलेली असते. मला विचाराल तर धुळ्यातलं सगळ्यात प्रामाणिक जेवण त्या वेळी, त्या बाकांवर मिळतं, कारण तिथलं गिऱ्हाईक रोजचं आहे आणि कष्टाचे पैसे देतं. एखाद्या सुट्टीच्या दिवशी सहकाऱ्यांना घेऊन जा.

मोबाईल टाकून द्या असं मी म्हणत नाही, फक्त वेगळा वापरा. ‘कॅफे’ ऐवजी देवनागरीत ‘खानावळ’, ‘शेवभाजी’, ‘नाश्ता’, ‘भरीत’ असं लिहून शोधा, निराळ्याच जागा वर येतात. तारे पाहू नका, लोकांनी टाकलेले फोटो पाहा. फोटोत कार्डावरचे भाव पेनाने खोडून पुन्हा लिहिलेले दिसले तर जागा जुनी आहे आणि मालक स्वतः गल्ल्यावर बसतो. वेगवेगळ्या वर्षांच्या फोटोत तीच ताटं, तोच कप, तोच माणूस दिसला तर जायला हरकत नाही. प्रतिक्रियांमध्ये ‘छान’, ‘मस्त’ सोडून द्या. कुणी एखाद्या पदार्थाचं आणि वेळेचं नाव घेतलंय का ते शोधा. ‘सकाळी नऊनंतर कचोरी मिळत नाही, दोनदा परत आलो’ अशी तक्रार करून कुणी एकच तारा दिला असेल, तर दुसऱ्या दिवशी साडेआठला तिथे पोचा.

आणि कॅफे. तुम्हाला संध्याकाळी पुस्तक घेऊन तासभर शांत बसायला जागा हवीय, असंही तुम्ही शेवटी लिहिलंय, ते मी विसरले नाही. ती गरज मेस भागवू शकत नाही. माझा भाचा पुण्यात कॉफीच्या यंत्रावर काम शिकून आलाय, त्याच्याकडून कळलं ते सांगते. सिरप, आईस्क्रीम, चॉकलेट घातलेली कॉफी कुठेही चालून जाते, म्हणून पहिल्यांदा साधी, बिनसाखरेची काळी कॉफी मागा. बिया कुठल्या, भाजून किती दिवस झाले, हे विचारा. ‘चिकमंगळूरच्या आहेत, मागच्या आठवड्यात भाजलेल्या’ असं काही नेमकं उत्तर आलं तर तो पोरगा मनापासून करतोय. दूध तापवण्याची वाफेची नळी तो प्रत्येक कपानंतर ओल्या फडक्याने पुसतो का, तेही पाहा. नळीवर वाळलेल्या दुधाचं पिवळं कवच दिसलं तर उठा. आणि खायला काही मागायचं असेल तर चटणी चाखून पाहा. ब्रेड बाहेरून येतो, चीज बाहेरून येतं, पण हिरवी चटणी घरची असेल तर त्या कॅफेत कुणीतरी रोज सकाळी कोथिंबीर निवडतंय. देवपुरात एका कॅफेने अलीकडे सँडविचमध्ये आपला शेंगदाण्याचा लाल ठेचा घालायला सुरुवात केलीय. माझ्याकडूनच मिरची नेतात, आणि लसूण मात्र स्वतः सोलतात. अशी पोरं वाढावीत असं मला फार वाटतं. त्यांच्याकडे दोन वेळा जास्त जा.

एकटीने सुरुवात कशी करायची, तर पहिले चार रविवार असे ठेवा. पहिल्या रविवारी सकाळी आठच्या आत कुमारनगर. दुसऱ्या रविवारी दुपारी मेसचं गोडाचं जेवण, शनिवारी सांगून ठेवायचं. तिसऱ्या रविवारी चार वाजता आग्रा रोडवरून पाचकंदीलपर्यंत पायी चालायचं, गरम तेलाचा वास येईल तिथे थांबून काय लवकर संपतं ते विचारायचं. चौथ्या रविवारी संध्याकाळी पोरांच्या मागे देवपुरातच. एका वहीत जागेचं नाव लिहू नका, माणूस, पदार्थ आणि वेळ लिहा. माझी स्वतःची वही अशीच आहे. नावाने शोधायला गेले तर मलाच त्यात काही सापडायचं नाही, पण ‘निळा सदरा, मुगाची भजी, पाच ते साडेसहा’ म्हटलं की लगेच सापडतं.

भरताला मात्र चार आठवडे थांबू नका. या शनिवारीच गिरणीत दळण टाकताना विचारा, कळणा कोण दळून नेतं ते.